उजवा तळहात

सर्जेकोटच्या जेटीवर माझं दुकान.
ट्रॉलरची इंजिनं, डिझेलचे पंप,
बर्फाच्या कारखान्याचा तो कायम रडणारा कॉम्प्रेसर;
खारं वारं जे जे खातं
ते ते माझ्याकडे येतं.

हिरोजी मेतर तिला टेम्पोतून घेऊन आले,
जुन्या जाळ्यात गुंडाळून, वरून गोधडी.
म्हणाले, "मेस्तरणी, उजवो हात थंड पडलो हा.
बाकी सगळां बरां आसा."

उघडलं. मनगटापाशी मीठ,
पांढरं, बारीक, सुकटीवर बसतं तसं.
तळहातातली कॉइल जळलेली.
कंपनीने तिथे सदतीस अंश ठरवून दिलेत,
ना कमी ना जास्त.

नवी होती तेव्हा ती पुण्याची बोलायची:
"आपलं जेवण झालं का?"
मेतरांनी वर्षभर खपून तिची जीभ वळवली.
आता ती म्हणते, "जेवलंस?"
भूक कशाशी खातात हे जिला ठाऊक नाही
ती रोज रात्री आठला विचारते,
आणि उत्तर येईपर्यंत थांबते.
माझी आई चुलीकडे तोंड करून विचारायची.
थांबायची नाही.

सोल्डरिंगचा धूर पंख्याकडे चाललेला.
मेतर स्टुलावर, टोपी गुडघ्यावर.
"तू आतलां बघतंस, मेस्तरणी.
खरां सांग. हिच्यात माया आसा काय?"

काय सांगणार.
आत तांबं असतं. लाल तार कुठून कुठे जाते
ते डोळे मिटून सांगेन.
पण माया, तिचे आपल्याकडे दोन अर्थ,
आणि दोन्ही अर्थांनी ती
माणसांनाच आधी चिकटली.
मी म्हटलं, "माणसाच्या आत मी पाहिलेलं नाही, काका.
ताडून बघू कशाशी?"

ते हसले नाहीत.
"तिका नसात तर नसां दे.
माजी खय जाता, ता सांग.
मी लावलेलो जीव खय तरी लागतलो मां?
की सुकतीक टाकलेल्या जाळ्यासारखो
चिखलार पडान रवतलो?"

जीव लावणे.
मी सील लावते, ग्रीस लावते,
बोल्टला वॉशर लावते.
लावताना लावणाऱ्याचं किती झिजतं
हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं.

कॉइल बसली.
तपासायला तिचा हात हातात घ्यावा लागतो.
दहा सेकंद. कागदावर तसं लिहिलंय.
आधी नुसता धातू.
मग उन्हातला कातळ.
मग कुणीतरी.
तिची बोटं माझ्या बोटांवर मिटली,
नखांतल्या काळ्या तेलाची किळस न करता,
आणि ती म्हणाली, "जेवलंस?"

नव्हते जेवले. चार वाजून गेलेले.
दहा सेकंदही केव्हाच संपले होते.
मेतर समुद्राकडे बघत बसले,
दुसऱ्याच्या घरात माणूस
खिडकीबाहेर बघतो तसे.

पावतीवर लिहिलं: उजवा तळहात, कॉइल बदलली, बाराशे.
त्यांनी शंभर कमी केले, मी करू दिले.
टेम्पोत या वेळी तिला जाळ्यात गुंडाळलं नाही.
ड्रायव्हरशेजारी दोघं दाटीवाटीने बसली,
गोधडी तिच्या मांडीवर,
आणि गोधडीखाली काय होतं
ते मी बघितलं नाही.

रात्री घरी आले. नवरा टीव्हीसमोर झोपलेला,
पंखा पाचवर,
कोपऱ्यात मांजर भांड्यात तोंड घालून.
त्याचा तळहात उचलून हातात घेतला.
तीस. फार तर एकतीस.
बावीस वर्षांत मोजला नव्हता.
"जेवलंस?" मी विचारलं,
आणि थांबले.

डोळे न उघडता तो म्हणाला,
"कोण?"